कॅन्सर असलेल्या मुलांसाठी पीआयसीयू कसं असावं: पुण्यातल्या एका ट्रस्ट हॉस्पिटलचा रिव्ह्यू

हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण जे आवडलं ते लिहायचंय आणि जे खटकलं तेही मोकळेपणाने लिहायचंय. पुण्यातलं ट्रस्टचं हॉस्पिटल आहे, लहान मुलांच्या कॅन्सरचा वेगळा वॉर्ड आहे आणि त्याच मजल्यावर लहान मुलांचं आयसीयू, सगळे त्याला पीआयसीयू म्हणतात. हा रिव्ह्यू फक्त त्या पीआयसीयूचा आहे. केमोचा नाही, ओपीडीचा नाही.

पेशंट म्हणजे माझी भाची, दादाची मुलगी, सहा वर्षांची. बी-सेल एएलएल, म्हणजे लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा ब्लड कॅन्सर. दादा-वहिनी नगर जिल्ह्यात राहतात, मी पुण्यात, त्यामुळे हॉस्पिटलची बरीच धावपळ माझ्याकडे होती. तिचं इंडक्शन चालू होतं, म्हणजे केमोचा पहिला महिना, त्यात स्टेरॉइड, व्हिनक्रिस्टिन, अ‍ॅस्पॅराजिनेज सगळं एकापाठोपाठ जातं आणि पांढऱ्या पेशी अगदी तळाला जातात. या महिन्यात मुलांना कॅन्सरपेक्षा इन्फेक्शनचा धोका जास्त असतो आणि आपल्याकडे एएलएलची जी मुलं हातची जातात त्यातली बरीचशी अशा इन्फेक्शनमुळेच जातात, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं, पण वॉर्डने दादा-वहिनींना पहिल्याच आठवड्यात बसवून समजावलं होतं.

हे लिहायला बसले त्याचं कारण सांगते. भाची व्हेंटिलेटरवर गेली तेव्हा नात्यातल्या किमान चार लोकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की अगं कॅन्सर आहे, त्यात व्हेंटिलेटर, आता कशाला त्या पोरीचे हाल करताय, घरी घेऊन जा. त्यातले एक स्वतः डॉक्टर आहेत. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं हे मला कळतं, पण ते चुकीचं सांगत होते, आणि आजही कुणाचं मूल आयसीयूत गेलं की लोक ओळखीने मला फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न तोच असतो, की ताई, व्हेंटिलेटरवर टाकायचं का, काही उपयोग असतो का. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात तापाची. डिस्चार्ज देताना वॉर्डने एक पिवळं कार्ड दिलं होतं, त्यावर ठळक लिहिलेलं की ताप १००.४ च्या वर गेला की वाट बघायची नाही, लगेच यायचं, आणि हॉस्पिटलला पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून गेला पाहिजे. काउंट म्हणजे एएनसी, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा, ५०० च्या खाली असताना येणारा ताप ही इमर्जन्सी असते, कारण अंगात जंतूंशी लढायला पेशीच नसतात, कधीकधी ताप सोडून दुसरं काही लक्षण दिसतच नाही आणि मूल हसत-खेळत असतानाच दोन-चार तासांत बीपी कोसळतं. भाचीला रात्री ताप आला, दादा तिला जवळच्या गावातल्या एका हॉस्पिटलमध्ये घेऊन गेला, आणि तिथे त्याला सांगितलं पॅरासिटामॉल द्या, सकाळी बघू, केमोच्या पेशंटला आम्ही हात लावत नाही. दादाने कार्ड दाखवलं तर कुणी वाचेना. शेवटी त्याने पुण्याच्या वॉर्डला फोन लावला आणि ऑन-कॉल डॉक्टर बाईंनी सांगितलं की त्यांना फोन द्या, मी बोलते. त्या तिथल्या ड्युटी डॉक्टरशी बोलल्या, कुठलं अँटिबायोटिक, वजनाप्रमाणे किती, सलाईन किती, सगळं फोनवर सांगितलं आणि पहिला डोस तिथेच द्यायला लावला, मगच अँब्युलन्स निघाली. रात्री उचललेला तो एक फोन मी या हॉस्पिटलच्या खात्यात सगळ्यात वर मांडेन. तोवर दोन तास वाया गेलेच होते, पण पुण्यापर्यंत येईस्तोवर काहीच मिळालं नसतं तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

वॉर्डात आल्यावर तिला लगेच पीआयसीयूत नेलं नाही, आधी वॉर्डातच ठेवलं, आणि इथे मी पहिल्यांदा ते रंगीत तक्त्याचं काम बघितलं. बेडच्या पायाशी एक चार्ट लावलेला, त्यात नाडी, श्वास, बीपी, मूल कितपत जागं आहे, घरच्यांना किंवा सिस्टरला काळजी वाटतेय का, अशा गोष्टींचे मार्क असतात आणि बेरीज वाढत गेली की रंग बदलतो. त्याला पेव्स म्हणतात. सिस्टर दर तासाला यायची, भाचीच्या छातीवर अंगठा दाबायची, सोडायची आणि ओठांतल्या ओठांत मोजायची, एक, दोन, तीन... कातडी परत गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते. पहाटे चार वाजता तिचं मोजणं चारपर्यंत गेलं. बीपी अजून मशीनवर ठीकच दिसत होतं, पण सिस्टरने डॉक्टरांना बोलावलं, दहा मिनिटांत पीआयसीयूचे डॉक्टर खाली मान घालून चार्ट बघत उभे होते, आणि अर्ध्या तासात भाची आत होती. बीपी पडायच्या आधी. मुलांमध्ये बीपी सगळ्यात शेवटी पडतं, तोवर शरीर कसंबसं ओढून नेतं, म्हणून आकड्याची वाट बघत बसलं की उशीर झालेलाच असतो.

मी नंतर वाचलं की ग्वाटेमालासारख्या देशात, जिथे पैसा आणि माणसं आपल्यासारखीच अपुरी, तिथल्या मुलांच्या कॅन्सर हॉस्पिटलने हाच चार्ट लावला आणि वॉर्डात अचानक बिघडणाऱ्या मुलांचं प्रमाण कमी झालं, मग लॅटिन अमेरिकेतल्या बऱ्याच हॉस्पिटलांनी तो उचलला. कुठलंही महागडं मशीन नाही, एक कागद आणि लक्ष देणारी सिस्टर. तुम्ही हॉस्पिटल निवडत असाल तर ओपीडीतच विचारा की वॉर्डात असा चार्ट भरतात का आणि रात्री बेरीज वाढली तर कोण येतं. पीआयसीयूचा निकाल अर्धा तर वॉर्डातच ठरतो असं माझं स्पष्ट मत झालंय.

आत गेल्यावर काय काय केलं ते थोडक्यात. सलाईनचे बोलस, म्हणजे थोड्या वेळात भरभर सोडलेलं सलाईन, दिले, तरी बीपी टिकेना म्हणून अ‍ॅड्रेनलिन आणि मग नॉरअ‍ॅड्रेनलिनची ड्रिप, अँटिबायोटिक बदललं. ब्लड कल्चरमध्ये क्लेबसिएला नावाचा जंतू आला, आणि तोही असा की नेहमीच्या स्ट्राँग औषधांना दाद न देणारा, जो आपल्याकडच्या हॉस्पिटलांमध्ये मोठी डोकेदुखी झालाय, म्हणून कोलिस्टिन नावाचं अँटिबायोटिक सुरू केलं. श्वासासाठी थेट ट्यूब टाकली नाही. आधी नाकातून जोरात गरम ओलसर ऑक्सिजन देणारं हाय-फ्लो लावलं, मग मास्कचं बायपॅप, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी छातीचा एक्स-रे दोन्ही बाजूंनी पांढरा झाल्यावर ट्यूब टाकून व्हेंटिलेटर. दादाला वाटत होतं की व्हेंटिलेटर टाळतायत म्हणजे चांगलं चाललंय, मला वाटत होतं की उशीर करतायत. डॉक्टरांनी दोघांना एकत्र सांगितलं की मास्कवर निभावलं तर ट्यूबमुळे होणारं नवीन इन्फेक्शन टळतं म्हणून आम्ही संधी देतोय, पण मास्कवर मूल थकत असताना ताणत बसलो तर तेही धोक्याचं, म्हणून दर दोन तासांनी बघतोय आणि अमुक झालं की ट्यूब टाकणार. ते अमुक म्हणजे काय तेही सांगितलं, ऑक्सिजन साठ टक्क्यांच्या वर लागायला लागला किंवा ती सुस्तावली की लगेच. आणि तसंच केलं. आधी सांगितलेलं आणि नंतर केलेलं यात फरक पडला नाही, यामुळे विश्वास बसला.

आता समुपदेशन, म्हणजे काउन्सेलिंग. ट्यूब टाकायच्या आधी सही घेताना पीआयसीयूच्या मोठ्या डॉक्टरांनी दादा-वहिनींना आतल्या छोट्या खोलीत बसवलं, मीही होते. दादाने सरळ विचारलं, साहेब, कॅन्सर असताना व्हेंटिलेटरवरून मूल परत येतं का. डॉक्टर म्हणाले, "बाबा, आत्ता मी कॅन्सरबद्दल बोलतच नाहीये. कॅन्सरचं औषधाला चांगलं रिस्पॉन्स चाललंय, ते गणित वेगळं. आत्ता तिला झालंय ते इन्फेक्शन आणि शॉक, म्हणजे बीपी कोसळणं, आणि हे परत फिरण्यासारखं आहे. धोका मोठा आहे, खोटं सांगणार नाही, पण प्रयत्न करण्यासारखी मुलगी आहे." वहिनी तेव्हापासून त्या "प्रयत्न करण्यासारखी" शब्दांना धरून बसली होती. मग त्यांनी हेही सांगितलं की आत्ता दोन अवयवांना आधार द्यावा लागतोय, फुप्फुस आणि रक्ताभिसरण, किडनी अजून काम करतेय, लघवी होतेय, तिसरा किंवा चौथा अवयव बिघडला तर चित्र बदलेल आणि तेव्हा आपण परत बसू.

हे कुठल्याही नातेवाइकाला कळायला हवं म्हणून आकडे लिहिते, नंतर मी स्वतः शोधून वाचलेले. २०१९ साली जगभरातल्या ३१ अभ्यासांची एकत्र मोजणी छापून आली, त्यात कॅन्सर असलेल्या मुलांच्या सोळा हजारांवर पीआयसीयू अ‍ॅडमिशन होत्या, आणि त्यात साधारण २८ टक्के मुलं पीआयसीयूत दगावली. आकडा मोठा आहे, विकसित देशांत बाकीच्या मुलांचं हेच प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली असतं. पण उलट बाजूने वाचा, शंभरातली सत्तरच्या वर बाहेर आली. "कॅन्सर आहे म्हणजे आयसीयूत जाऊन उपयोग नाही" हे वाक्य या आकड्यापुढे टिकत नाही. त्याच मोजणीत असंही दिसलं की व्हेंटिलेटर लागला, बीपीची औषधं लागली, डायलिसिस लागलं की धोका वाढत जातो, आणि एकापेक्षा जास्त गोष्टी एकदम लागल्या की आणखी. बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर व्हेंटिलेटरवर जाणाऱ्या मुलांचं सगळ्यात अवघड, ऐंशी-नव्वदच्या दशकात तर अशा मुलांना ट्यूब टाकायची की नाही यावरच डॉक्टरांमध्ये वाद होते, आता परिस्थिती त्यापेक्षा बरीच बरी आहे. दुसरीकडे गाठ काढायचं ऑपरेशन झाल्यावर एक-दोन रात्री देखरेखीला आत ठेवलेली मुलं बहुतेक सुखरूप बाहेर येतात. ट्यूमर लायसिसचंही तसंच, केमो सुरू झाल्यावर कॅन्सरच्या पेशी एकदम फुटतात, युरिक अ‍ॅसिड आणि पोटॅशियम वाढून किडनी बंद पडते, बघणाऱ्याला वाटतं संपलं, पण वेळेत डायलिसिस मिळालं तर किडनी परत चालू होते आणि पुढची ट्रीटमेंट होते. म्हणजे "आयसीयूत आहे" एवढ्यावरून काहीच कळत नाही. का आत गेलंय, किती अवयव बिघडलेत, किती लवकर नेलं आणि कॅन्सर स्वतः कुठल्या टप्प्यावर आहे, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय कुणीही कुणालाही घरी न्या म्हणू नये.

अजून एक, पीआयसीयूतून बाहेर येणं म्हणजे कॅन्सर बरा होणं नाही. पण विकसित देशांत एएलएलची नव्वद टक्क्यांच्या आसपास मुलं बरी होतात, आणि सगळे बालकर्करोग धरले तर डब्ल्यूएचओच्या म्हणण्यानुसार तिथे ऐंशी टक्क्यांच्या वर, तर बऱ्याच गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत तीस टक्क्यांच्या खाली. ही दरी का आहे तर उशिरा निदान, ट्रीटमेंट मध्येच सोडणं, आणि अशाच इन्फेक्शनमध्ये आधार न मिळणं. २०१८ साली डब्ल्यूएचओने २०३० पर्यंत जगभर किमान ६० टक्क्यांचं लक्ष्य ठेवलंय. चांगलं पीआयसीयू शेजारी नसेल तर केमोचा सगळ्यात उत्तम प्रोटोकॉलही अर्धाच उपयोगाचा, हे मला तिथे बसून कळलं.

नर्सिंगबद्दल जितकं लिहीन तितकं कमी. व्हेंटिलेटरच्या मुलाला एक सिस्टर, बाकीच्या दोघांत एक, आणि मी जेवढ्या वेळा आत गेले तेवढ्या वेळा हेच प्रमाण दिसलं, रविवारीही. ट्यूबची पट्टी बदलताना दोघी लागायच्या, एक ट्यूब धरून, दुसरी गालावरची जुनी पट्टी तेल लावून हळूहळू सोडवणार, कारण स्टेरॉइड आणि प्लेटलेट कमी असल्यामुळे कातडी लगेच सोलते. डोळ्यांत मलम, ओठांना व्हॅसलीन, दर दोन तासांनी कूस बदलणं, सक्शनच्या आधी भाचीच्या कानाशी जाऊन "बाळा, खोकला येईल हं आता" असं सांगणं, ती गुंगीत असताना सुद्धा. हात धुण्याबाबत इतके कडक की एका मोठ्या सर्जनला दारातल्या मावशींनी थांबवून सॅनिटायझर लावायला लावलेलं मी डोळ्यांनी बघितलं आणि ते निमूट लावून आत गेले. ज्या वॉर्डात मावशी सर्जनला थांबवू शकतात तिथे माझं मूल सुरक्षित आहे असं मला वाटतं.

मर्यादाही त्यांनी लपवल्या नाहीत. इथे ईसीएमओ नाही, म्हणजे फुप्फुस किंवा हृदय पूर्ण थकलं तर रक्त बाहेर काढून ऑक्सिजन देऊन परत सोडणारं मशीन. डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं की ते आमच्याकडे नाही, आणि कॅन्सरच्या मुलांत त्याचे निकालही मर्यादित आहेत. तेही मी नंतर पडताळलं, २००९ साली ईसीएमओच्या आंतरराष्ट्रीय रजिस्ट्रीतून कॅन्सर असलेल्या १०७ मुलांची माहिती छापली होती, त्यातली ३५ टक्के घरी गेली. म्हणजे अगदीच शून्य नाही, निवडक मुलांमध्ये विचार होऊ शकतो, पण सगळीकडे मिळणारी आणि सगळ्यांना झेपणारी गोष्ट नाही. चोवीस तास चालणारं हळू डायलिसिस मात्र इथे आहे, आम्हाला लागलं नाही.

शेजारच्या बेडवर एक मोठा मुलगा होता, एएमएल, म्हणजे वेगळ्या प्रकारचा ब्लड कॅन्सर, दुसऱ्यांदा उलटलेला. त्याच्या घरच्यांशीही तेच डॉक्टर त्याच खोलीत बोलले. त्याची आई नंतर बाहेर माझ्याजवळ बसून सांगत होती की त्यांनी आधी ठरवून घेतलं होतं, चार दिवस सगळं जोर लावून करू, आणि चार दिवसांनी परत बसून बघू की शरीर साथ देतंय का. चार दिवसांनी किडनी गेली होती, लिव्हर गेलं होतं, बुरशीचं इन्फेक्शन मेंदूपर्यंत गेलं होतं, आणि कॅन्सरवर द्यायला औषध उरलं नव्हतं. तेव्हा डॉक्टरांनीच सांगितलं की आता आणखी मशीन लावून त्याचा त्रास वाढेल, त्याचं दुखणं आणि धाप कमी करण्याकडे लक्ष देऊ. पडदे लावून दिले, आईबाबा आणि आजी तिघांनाही आत राहू दिलं, वेळेची अट काढून टाकली. सोशल वर्कर ताईंनी वारज्याच्या सिप्लाच्या पॅलिएटिव्ह केअर सेंटरचीही माहिती दिली होती, १९९७ पासून कॅन्सर पेशंटसाठी मोफत चालतं ते, पण त्याला हलवण्याइतका वेळ नव्हता. हे मी रिव्ह्यूत लिहितेय कारण कुठल्या मुलासाठी जीव तोडून लढायचं आणि कुठल्या मुलाला त्रासातून सोडवायचं हे दोन्ही एकाच टीमला कळत असेल तर ती टीम चांगली. त्या आईने मला सांगितलं की आम्हाला कुणी फसवलं नाही.

आता खटकलेलं. भेटायच्या वेळा फार कडक, आईबाबांना सुद्धा दिवसातून दोनदाच, तेही थोडा वेळ. इन्फेक्शनची भीती मला मान्य आहे, पण आई हात धुऊन, गाऊन घालून बेडशेजारी बसली तर काय बिघडतं, शेजारच्या मुलासाठी अट काढता येते तर आधीपासूनच थोडी सैल का नाही. भाची गुंगीतून बाहेर येताना खूप घाबरली, हात बांधलेले, तोंडात ट्यूब, ओळखीचं कुणी नाही, आणि तेव्हा वहिनी दाराबाहेर खुर्चीवर. हे मी लेखी तक्रारवहीत लिहून आलेय.

दुसरं, पीआयसीयूनंतरची काळजी जवळजवळ नाहीच. ट्यूब काढल्यावर आवाज बसलेला होता, पायात जोर नव्हता, उभं केलं की गुडघे वाकायचे, थोडं व्हिनक्रिस्टिनमुळे आणि थोडं इतके दिवस पडून राहिल्यामुळे. झोपेची आणि दुखण्याची औषधं हळूहळू कमी करताना ती चिडचिडी व्हायची, हात थरथरायचे, रात्री भिंतीवर किडे दिसतात म्हणून ओरडायची. हे असं होऊ शकतं, हे औषधं सुटतानाचं आहे आणि जातं, हे आम्हाला आधी कुणीच सांगितलं नाही, वहिनीला वाटलं मेंदूला काहीतरी झालं. फिजिओथेरपिस्ट चांगले होते पण मागे लागून बोलवावे लागायचे. मुलांसाठी काउन्सेलर नाही. सुटताना घरी करायचे व्यायाम, शाळा कधी, रात्रीची भीती, याचा एक कागद दिला असता तरी पुरलं असतं. ज्यांनी इतक्या बारकाईने जीव वाचवला त्यांनी हे असं सोडून द्यावं याचं मला खरंच वाईट वाटलं.

तिसरं, बाहेरची बसायची जागा. लोखंडी खुर्च्या, रात्रभर ट्यूबलाइट, चार्जिंगला एकच पॉइंट आणि बाथरूम एक मजला खाली. खेड्यातून आलेली माणसं तिथेच चादर टाकून झोपतात. जवळपास स्वस्त राहायची सोय नसणं ही फक्त गैरसोय नाही, ताप आल्यावर मूल हॉस्पिटलपासून तीन तास लांब असेल तर तासाभरात अँटिबायोटिक कसं मिळणार. मुंबईत सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स २००६ पासून कॅन्सरच्या मुलांना आईबाबांसकट मोफत राहायला देतात ते एवढ्यासाठीच महत्त्वाचं आहे, आणि असं काही या हॉस्पिटलच्या आसपास हवंच. आम्हाला माझं घर होतं म्हणून निभावलं.

पैशांचं. व्हेंटिलेटरच्या दिवसांत औषधं धरून रोजचे पंचवीस-तीस हजार होत होते, ट्रस्टचं असून. प्लेटलेटची एसडीपी पिशवी, म्हणजे एकाच डोनरकडून काढलेली, दहा-अकरा हजारांची, शिवाय डोनर आपणच आणायचा, माझ्या ऑफिसातली मुलं रांगेने आली म्हणून जमलं. बुरशीवरचं औषध सगळ्यात महाग निघालं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा कुटुंबाला दीड लाखावरून पाच लाख झालीये, त्याचा खूप आधार झाला, पण पीआयसीयूसाठी वेगळी मंजुरी लागते हे बिलिंगवाल्यांनी आम्हाला दोन दिवस उशिरा सांगितलं आणि तोवरचं सगळं खिशातून गेलं. मूल आत गेल्या गेल्या एका माणसाने रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेच्या टेबलावर जाऊन बसावं, बाकी कुणी सांगेल याची वाट बघू नये.

आणि सगळेजण म्हणत होते टाटाला न्या, टाटाला न्या. परळचं टाटा हे टाटाच आहे, वादच नाही. पण २०१२ पासून टाटाच्याच पुढाकाराने नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे, देशभरातली हॉस्पिटलं त्यात जोडलेली आहेत आणि उपचारांची दिशा बरीचशी सारखी झालीये, त्यामुळे एएलएलसारख्या कॅन्सरला घराजवळचं चांगलं सेंटर हा पर्याय वाईट नाही, उलट ताप येतो त्या रात्री जवळचं सेंटरच कामाला येतं. शॉकमध्ये असलेल्या मुलाला बीपीची ड्रिप चालू असताना अँब्युलन्समध्ये घालून एक्सप्रेस वेवर नेणं हा त्या वेळी आमच्यासाठी शहाणपणाचा पर्याय नव्हता, आणि डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं, तरी निर्णय तुमचा म्हणून टाटाच्या डॉक्टरांशी फोनवर केस बोलूनही घेतली.

भाचीचं सांगते. आठवडाभराहून जास्त दिवस व्हेंटिलेटरवर होती, मग परत मास्क, मग साधा ऑक्सिजन, मग वॉर्ड. केमो मध्ये थांबवलेली होती, काउंट वर आल्यावर परत सुरू झाली, इंडक्शन संपल्यावर मॅरो रेमिशनमध्ये आला, म्हणजे तपासणीत कॅन्सर दिसेनासा झाला. आता मेंटेनन्सवर, म्हणजे केमोच्या शेवटच्या हलक्या टप्प्यावर आहे, रोज रात्री गोळी, महिन्याला एकदा ओपीडी. आवाज परत आलाय. जिने चढताना अजून कठडा धरते.

पाचपैकी माझे मार्क: रात्रीच्या फोनला, चार्टला, नर्सिंगला आणि खरं बोलण्याला पाच. भेटीच्या वेळांना दोन. नंतरच्या काळजीला एक, आणि तो एक फिजिओथेरपिस्टमुळे. एकूण चार देईन आणि ल्युकेमियाचं, म्हणजे ब्लड कॅन्सरचं मूल असेल तर डोळे मिटून अशा हॉस्पिटलला जा म्हणेन. ट्रान्सप्लांट ठरलं असेल किंवा छातीत मोठी गाठ असून श्वासनलिका दाबली गेली असेल, तर मात्र ईसीएमओ आहे का हा प्रश्न अ‍ॅडमिशनच्या आधीच विचारा आणि गरज वाटली तर मूल स्थिर असतानाच मोठ्या सेंटरला हलवा, व्हेंटिलेटरवर गेल्यावर हलवणं फार अवघड होतं. आणि याच हॉस्पिटलचं पिवळं कार्ड तुमच्याकडे असेल आणि रात्री फोन करायचा झाला तर कार्डाच्या मागे पेनने लिहिलेला वॉर्डचा नंबर लावा, पुढे छापलेला रिसेप्शनचा नको, तो रात्री होल्डवरच राहतो.